फोनॉनचा निकाल कधीच लागला ना?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि भेटेल त्याने विचारलं म्हणून, एकदाच लिहून टाकते. क्युप्रेट या कॉपर-ऑक्साइडच्या अतिसंवाहकांत इलेक्ट्रॉनच्या जोड्या फोनॉन, म्हणजे स्फटिकातल्या अणूंची सामूहिक थरथर, जुळवत नाहीत असा निकाल लागलेला असताना मी अजून ती थरथर का मोजत बसते?

तुमचा पुरावा मला पाठ आहे. टीसी, म्हणजे ज्या तापमानाखाली अतिसंवाहकता येते ते, सर्वाधिक असतो त्या डोपिंगला (थरांत घातलेल्या जादा चार्जच्या प्रमाणाला) वायबीसीओ या क्युप्रेटमध्ये ऑक्सिजन-16 च्या जागी जड ऑक्सिजन-18 घालून थरथर मंदावली तरी टीसी जेमतेम हलतो. कबूल. पण डोपिंग कमी केलं की हाच परिणाम वाढतो, हे वाक्य दरवेळी का गाळता? आणि जोड्या फोनॉनच जुळवतात असा माझा दावा नाहीच. मी चार्ज ऑर्डरबद्दल, म्हणजे इलेक्ट्रॉनचा चार्ज स्फटिकात ठरावीक अंतराने कमीजास्त होत मांडला जातो त्याबद्दल, विचारतेय.

एका सेमिनारमध्ये मी कमी डोपिंगच्या वायबीसीओवरचे इनइलॅस्टिक क्ष-किरणांचे, म्हणजे थरथरीची ऊर्जा मोजणारे, आलेख दाखवत होते. 2014 साली जगासमोर आलेलं चित्र माझ्या स्फटिकातही दिसत होतं. थंड करत टीसीपर्यंत या, चार्ज ऑर्डरच्या तरंगसदिशापाशी, म्हणजे तिच्याच अंतराने आणि दिशेने पुन्हा पुन्हा येणाऱ्या थरथरीत, आलेखातली फोनॉनची रेषा पसरत जाते. टीसीखाली ती पुन्हा अरुंद होते आणि ऊर्जा खाली घसरते. आजूबाजूला सगळं सपाट, तेवढ्याच जागी खोल खळगा. मी त्या खळग्यावर पॉइंटर धरला होता, तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला, "चार्ज सरकला की अणू सरकणारच. तू सावली मोजतेयस." पुढे कुणी काही विचारलं नाही. अध्यक्षांनी पुढच्या वक्त्याचं नाव घेतलं. नंतर बीमटाइमचा, म्हणजे क्ष-किरणांच्या यंत्रावर वेळ मिळवण्याचा, माझा अर्ज परत आला, त्यातही जवळजवळ तेच वाक्य होतं. ते अजून लागतं मला.

सावली? टीसीखाली चार्ज ऑर्डर क्षीण होते. अणू नुसते तिच्यामागे जात असते तर खळगाही भरून यायला हवा होता. तो खोल का होतो? टीसीखाली इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेत गॅप उघडल्यामुळे रेषा अरुंद होते, हे पटतं मला. पण तरंगसदिशांच्या एवढ्या चिंचोळ्या टापूतच का, ते त्यातून सुटत नाही.

पूर्वीच्या मी इथे एलबीसीओ हा दुसरा क्युप्रेट पुढे केला असता. 1/8 डोपिंगला ऑक्टाहेड्रा (तांब्याभोवतीचे ऑक्सिजनचे अष्टफलक) कलतात, चार्जचे पट्टे जागीच खिळतात, टीसी कोसळतो. यात लॅटिसचा, म्हणजे अणूंच्या जाळीचा, हात नाही कसा? तिला मी 2010 चा प्रयोग दाखवते. दाबाखाली स्फटिकाचा तो कल काढून घेतला, तरी पट्टे टिकले. यावर ती म्हणते, सरासरी रचनेतून कल गेला म्हणजे पट्ट्यांच्या आसपासचाही गेला असं नाही. हा वाद आमच्यात मिटलेला नाही.

चुंबकीय क्षेत्राने अतिसंवाहकता दाबली की चार्ज ऑर्डर टीसीखालीही वाढत राहते, हे 2012 पासून माहीत आहे. माझ्या स्फटिकातला खळगा त्या क्षेत्रात राहतो की भरतो, हे मला बघायचंय. अर्ज पुन्हा टाकलाय.