हेलेना, आर्कान्सा: कापसाचं गाव बघायला जाताय? आधी कोर्टात जा

‘हाफ डे कॉटन टूर’ असं कुठं छापलेलं दिसलं तर तो कागद तिथंच ठेवा. मेम्फिसच्या हॉटेलात मिळालेल्या पत्रकात हेलेनाबद्दल चार ओळी होत्या: मिसिसिपी नदी, ब्लूज संगीत, जुनी कापसाची बाजारपेठ, सोपा रस्ता. हेलेनापर्यंतचा रस्ता खरंच सोपा आहे. तिथून दक्षिणेला एलेन नावाच्या छोट्या गावाच्या बाजूला उतरलात की सोपं संपलं. आणि १९१९ साली कापूस पिकवणाऱ्या कृष्णवर्णीयांचं हत्याकांड झाल्यावर इथं उभ्या राहिलेल्या ज्या खटल्यामुळे हे गाव अमेरिकेच्या कायद्याच्या पुस्तकांत कायमचं बसलंय, त्याबद्दल त्या चार ओळींत अवाक्षर नाही. नदी आणि संगीत बघायला गेलात तर खुशाल जा, मजा येईल. मी त्याबद्दल लिहिणार नाहीये.

उन्हात सात-आठ किलोमीटर चालता येतं, गुडघ्यापर्यंतचे बूट आहेत, पाणी आणि डासांचं मलम सोबत आहे, हे धरूनच पुढचं लिहितेय.

मेम्फिस झटपट उरका. युनियन अव्हेन्यूवर जुन्या कॉटन एक्स्चेंजच्या सौद्याच्या दालनातच आता कापसाचं म्युझियम आहे. खडूनं भाव लिहायचा भलामोठा फळा जागेवर आहे. एक तास पुरतो, पण तो तास चुकवू नका, कारण कापसाची प्रत कशी ठरायची ते तिथं नीट कळतं. गाठीच्या दोन्ही बाजूंनी नमुना काढायचा, उत्तरेच्या उजेडात रंग आणि कचरा बघायचा, चिमटीत धरून धागा ओढायचा. लांबीत इंचाच्या बत्तिसाव्या भागाचा फरक पडला तरी भाव बदलायचा. आमच्या अकोल्याकडच्या आडत्यांना बघितलेल्या माणसाला हे हात लगेच ओळखू येतात. लक्षात एवढंच ठेवा की ज्यानं कापूस वेचला तो या खोलीत कधीच नसायचा. प्रत ठरवणारे दुसरे, भाव ठरवणारे दुसरे, आणि त्याच्या नावावर काय मांडायचं ते ठरवणारे तिसरेच.

हेलेना तिथून शंभरेक किलोमीटर. मिसिसिपी राज्याच्या बाजूनं खाली येऊन पुलावरून नदी ओलांडली की आर्कान्सा लागतं. चेरी स्ट्रीट ही मुख्य पेठ. निम्मी दुकानं बंद, काही इमारतींना नुसत्या भिंती उरल्यात, आणि गावाबाहेर शेतांत कापसापेक्षा सोयाबीन आणि भातच जास्त दिसतो. कापसाचं गाव म्हणून आलेल्याला हे जड जातं. पण पेठ पायी पालथी घाला. १९१९ साली इथं काय चालायचं हे समजायला ही एकच गल्ली पुरते, कारण दुकान, बँक, वकील आणि कोर्ट सगळं हाकेच्या अंतरावर होतं. माणसंही बहुतेक तीच.

धंदा असा चालायचा. जमीनमालकाची जमीन, खेचर, बियाणं. अर्धेलीनं करणाऱ्याची मेहनत, तीही अख्ख्या कुटुंबाची. मार्चपासून वेचणी सुरू होईपर्यंत पीठ, डुकराचं खारवलेलं मांस, कापड, बूट असं सगळं मालकाच्या किंवा त्यानं सांगितलेल्या दुकानातून उधार. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा, आणि वर व्याज वेगळं. तारण काय, तर अजून जमिनीतून वर न आलेलं पीक. त्या काळच्या गहाणखतांत खेचराचा रंग आणि वयसुद्धा लिहिलेलं असायचं. कापूस निघाला की मालकच तोलणार, मालकच सरकी काढायला जिनात नेणार, मालकच विकणार. दक्षिणेतली न्यायालयं अर्धेलीवाल्याला बहुतेक ठिकाणी निव्वळ मजूर धरायची. पीक मालकाचं, याला मिळणार तो मोबदला. डिसेंबरात, कधी त्याच्याही पुढे, ‘हिशेब’ व्हायचा. हिशेब म्हणजे एक आकडा. वही दाखवायची नाही.

१९१९ च्या हंगामात रुईचा भाव पौंडाला पस्तीस सेंटांच्या आसपास होता. पाचशे पौंडांची गाठ धरली तर १७५ डॉलर. अर्धे म्हणजे साडेसत्त्याऐंशी, शिवाय सरकीचे वेगळे. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही एवढं गणित येतं, आणि तरीही दरवर्षी आपणच देणं लागतो हे कसं, हा प्रश्नही त्याला पडतो. १९१८ साली रॉबर्ट हिल नावाच्या कृष्णवर्णीय तरुणानं ‘प्रोग्रेसिव्ह फार्मर्स अँड हाउसहोल्ड युनियन’ काढली ती याच प्रश्नावर. वर्गणी गोळा करायची आणि वकील लावून कलमवार हिशेब मागायचा, एवढाच बेत. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून आपल्याकडच्या कापसाचे भाव कोसळले, त्यानंतर दहा वर्षांनी, १८७५ साली, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या कुणब्यांनी सावकारांचे रोखे जाळले होते. इथल्या लोकांनी काहीही जाळलं नाही. ते राज्याच्या राजधानीत, लिटल रॉकच्या ब्रॅटन वकिलांकडे गेले.

आता त्या रस्त्याबद्दल, ज्यासाठी मुळात हे लिहायला बसले.

युनियनची बैठक ३० सप्टेंबर १९१९ च्या रात्री हूप स्परच्या चर्चमध्ये भरली होती. ही जागा एलेनच्या उत्तरेला पाचेक किलोमीटरवर. फोनवरच्या नकाशात मला तिथं ठळक लाल खूण दिसली, वर ‘ऐतिहासिक स्थळ’ असा शिक्का, आणि रस्ता असा दाखवलेला जणू दारापर्यंत डांबर आहे. डांबर हायवे ४४ ला संपतं. पुढे खडी, खडीपुढे शेताच्या कडेनं गेलेली मातीची वाट, एका बाजूला पाण्याचा चर. आदल्या रात्री पाऊस झाला होता. काळी माती वऱ्हाडातल्या माणसाला कुणी शिकवायला नको, पण ही डेल्टाची माती वेगळीच अवलाद आहे. नदीनं हजारो वर्षं आणून ओतलेला निव्वळ गाळ. मावसभावानं गाडी वळवायला घेतली आणि मागची चाकं आसापर्यंत आत गेली. फळी, दगड, गाडीतली पायपुसणी, सगळं खाली घालून झालं. शेवटी एलेनपर्यंत चालत निघालो. सावलीला एक झाड नाही, आणि बुटांना चिकटलेली माती प्रत्येक पावलाला वाढत जाते.

तिथं गाडी ओढून देणारा एक जण फोनवर भेटला. दीडशे डॉलर म्हणाला. काम झाल्यावर साडेतीनशे मागितले. म्हटलं, कशाकशाचे ते लिहून द्या.

“सगळं मिळून एवढेच होतात, मॅडम.”

“पण फोनवर तुम्ही दीडशे म्हणाला होता.”

“तेव्हा मी चिखल बघितला नव्हता.”

रोखच पाहिजे म्हणाला, पावती शेवटपर्यंत दिली नाहीच. त्या भागात जाताना गाडी ओढण्याची सोय असलेला विमा घेऊनच निघा. भाव आधी मेसेजवर लिहून घ्या, नुसता फोनवर नको. तीन दिवस पाऊस नसेल तरच डांबर सोडा. मी इतकी चिडले होते की हूप स्परला पोचून पाच मिनिटंसुद्धा थांबले नाही. तसंही बघायला काही नाही. चर्च राहिलेलं नाही, शेत आहे. खूण टाकणाऱ्यानं जागा कधी डोळ्यांनी बघितली नसणार, हे माझं ठाम मत.

कलमवार हिशेब मागितल्यावर काय होतं याचा माझा अनुभव दोनशे डॉलरांचा, आणि माझ्या खिशात परतीचं तिकीट होतं. त्या रात्री चर्चबाहेर एक मोटार येऊन थांबली, गोळीबार झाला, रेल्वेच्या नोकरीतला एक गोरा पहारेकरी मेला. दुसऱ्या दिवसापासून हेलेनातून आणि नदीपलीकडच्या मिसिसिपीतून शस्त्रं घेतलेले गोऱ्यांचे जथे उतरले. राज्यपाल ब्रॉ यांनी कॅम्प पाइक या लष्करी छावणीतून पाचशेच्या वर सैनिक आणले. पाच गोरे मेले. कृष्णवर्णीय किती मारले गेले याचे अंदाज शंभरापासून दोनशेच्याही वर जातात. वकील ब्रॅटन यांचा मुलगा त्या दिवशी अशिलांना भेटायला आला होता. त्याला पकडून महिनाभर तुरुंगात ठेवलं आणि लोकांना कोर्टकज्जे करायला चिथावल्याचा गुन्हा लावला. हिशेब मागायला वकील लावणं, हाच गुन्हा.

हे डोक्यात ठेवूनच चेरी स्ट्रीटवरच्या फिलिप्स काउंटी कोर्टात शिरा. विटांची, खांबांची, १९१४ सालची देखणी इमारत. हत्याकांड झालं तेव्हा तिला जेमतेम पाच वर्षं झाली होती. चौकशीला जी सात जणांची समिती बसली तिच्यात शेरीफ, काउंटीचा न्यायाधीश, महापौर, व्यापारी आणि जमीनदार. ज्यांच्या वह्या दाखवा म्हणून युनियन म्हणत होती तेच, किंवा त्यांचे शेजारी. कैद्यांना चाबकानं फोडून जबाब घेतले. ग्रँड ज्युरीनं, म्हणजे खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या पंचांनी, १२२ जणांवर आरोप ठेवले. नोव्हेंबरात खटले उभे राहिले आणि बारा जणांना फाशी सुनावली. ज्युरीत एकही कृष्णवर्णीय नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेल्या एका खटल्याची नोंद अशी आहे: सगळं काम पाऊण तासात उरकलं, ज्युरीनं पाच मिनिटंही घेतली नाहीत, बचावाच्या वकिलानं एकही साक्षीदार बोलावला नाही. रस्त्यावर जमाव उभा होता.

इथून पुढचा भाग माझ्या मते या गावाची खरी गंमत आहे, आणि तोच कुणी सांगत नाही. बाराही जण वाचले. वाचवले ते दोघांनी: लिटल रॉकचे सायपिओ आफ्रिकानस जोन्स, स्वतः गुलामीत जन्मलेले वकील, आणि जॉर्ज मर्फी, राज्याचे माजी ॲटर्नी जनरल आणि तरुणपणी यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूनं लढलेले सैनिक. १९२० साली मर्फी वारले आणि पुढचं ओझं मुख्यतः जोन्सनी ओढलं. सहा जणांच्या निकालपत्रात ज्युरीनं खुनाची श्रेणीच लिहिली नव्हती. घाईत चूक झाली होती! राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तेवढ्यावर शिक्षा रद्द केली. पुन्हा खटला, पुन्हा फाशी, आणि या वेळी कृष्णवर्णीयांना ज्युरीतून वगळलं म्हणून पुन्हा रद्द. नंतर सरकारनं मुदतीत खटलाच चालवला नाही आणि १९२३ च्या जूनमध्ये ते सहा जण सुटले. उरलेल्या सहांचं प्रकरण वॉशिंग्टनला, देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९ फेब्रुवारी १९२३ ला न्यायमूर्ती होम्स यांनी ‘मूर विरुद्ध डेम्प्सी’चा निकाल लिहिला: जमावाच्या दहशतीखाली खटल्याचं नुसतं सोंग झालं असेल, तर संघराज्याच्या न्यायालयाला त्यात लक्ष घालावंच लागेल. तोवर राज्याच्या फौजदारी खटल्यात असा हात घालायला ते न्यायालय तयार नसे. राज्यपालांनी त्या सहांची शिक्षा कमी केली आणि १९२५ च्या जानेवारीत तेही बाहेर आले. जो हिशेब मागायला निघाले होते तो मात्र कुणालाच मिळाला नाही, आणि १९२० संपेपर्यंत कापसाचा भाव पंधरा सेंटांच्या खाली घसरला होता.

कोर्टासमोरच २०१९ साली उभारलेलं स्मारक आहे. दहा मिनिटं पुरतात, पण कोर्ट बघून झाल्यावर जा, आधी नको.

कामाच्या गोष्टी. मुक्काम हेलेनातच करा. रोज मेम्फिसहून ये-जा केलीत तर संध्याकाळी परतताना झोप येते आणि ट्रक फार असतात. कोर्ट सोमवार ते शुक्रवार. आम्हाला शनिवार मध्ये आला तेव्हा नदीवरचा बांध आणि संगीत यांत वेळ गेला, छान गेला. जुनी गहाणखतं आणि जमिनीचे दस्त बघायचे असतील तर आदल्या दिवशी क्लार्कच्या कचेरीत फोन करा, आणि साल पक्कं माहीत असू द्या. ‘कापसाचं काहीतरी दाखवा’ म्हणालात तर समोरचा माणूस नुसता तुमच्याकडे बघत राहील. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ धरा. जिथं कापूस लावलाय तिथं वेचणी चालू असते आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले मोठे गोल गठ्ठे बांधावर दिसतात. उन्हाळ्यात अजिबात नको.

एलेनला जा, पण डांबरावरूनच जा. हूप स्पर हायवेवरूनच बघा आणि गाडीतून उतरू नका. तेवढ्यासाठी साडेतीनशे डॉलर जास्त होतात.