ब्रास, सूत, लॅप, तराई : साइटवरच्या शब्दांची मापं

नागपुरात प्लॉटवर घर काढलं की ठेकेदाराशी बोलणी बहुधा एका बैठकीत उरकतात. लेबर रेट अमुक रुपये चौरस फूट, बस. कटकट सुरू होते ती स्लॅबचं बिल आल्यावर, कारण चौरस फूट कशाचे हे कुणी लिहिलेलंच नसतं. छज्जा धरायचा का? जिना एकपट की दीडपट? माळा, पॅरापेट, पाण्याची टाकी? साइटवरच्या प्रत्येक शब्दाला एक माप चिकटलेलं असतं. ते माप कागदावर आणलं नाही, तर मिस्त्री, ठेकेदार आणि मालक तिघंही आपापल्या सोयीचं माप धरतात.

ब्रासपासूनच सुरुवात करू. रेती, गिट्टी, मुरूम यांचा ब्रास म्हणजे 100 घनफूट, साधारण 2.83 घनमीटर. छपाईचा किंवा फरशीचा ब्रास म्हणजे 100 चौरस फूट. शब्द एकच, पण एक आकारमानाचा आणि दुसरा क्षेत्रफळाचा. रेतीची गाडी आली की डाल्याची (मागच्या हौद्याची) आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटात मोजा, गुणाकार करा आणि 100 ने भागा. 12 बाय 7 चं डालं साडेतीन फूट भरलं असेल तर 294 घनफूट, म्हणजे तीन ब्रासला थोडं कमी. उंची मधोमध मोजू देऊ नका, तिथे नेहमी ढीग असतो. चार कोपरे आणि मध्य अशा पाच ठिकाणी सळई खुपसा आणि सरासरी काढा.

त्यातही ओली रेती फुगते. 5 टक्क्यांच्या आसपास ओल असली तर आकारमान 20 ते 30 टक्के वाढू शकतं, म्हणजे ब्रासचे पैसे देऊन हाती पाऊण ब्रासच्या आसपास रेती येते. हाच घोळ मसाल्यातही होतो. सिमेंट-रेती 1:6 च्या हिशेबाने सहा घमेली ओली रेती टाकली तर प्रत्यक्षात रेती पाचच्या आसपासच पडते. तपासायला काचेचा सरळ ग्लास पुरतो. ओली रेती भरून उंची मोजा, मग पाणी ओतून ढवळा आणि बसू द्या. जेवढी खाली बसली तेवढा फुगवटा. रेतीवर मातीचा थर दिसला आणि तो रेतीच्या उंचीच्या 8 टक्क्यांहून जास्त निघाला, तर रेती धुऊन वापरा किंवा गाडी परत पाठवा.

काँक्रीटला घमेलं हे मापच नाही. सिमेंटची 50 किलोची गोणी म्हणजे 35 लिटर, जवळपास सव्वा घनफूट. एक फूट लांब, एक फूट रुंद, 15 इंच उंच असा लाकडी फर्मा केला की एक फर्मा म्हणजे एक गोणी. एम-20 या प्रतीच्या काँक्रीटचं जुनं प्रमाण 1:1.5:3, म्हणजे गोणीला दीड फर्मा रेती आणि तीन फर्मे गिट्टी. पाणी गोणीमागे 30 लिटरच्या वर नको, आणि त्यातच रेतीतली ओलही आली. 'माल जरा पातळ कर' हे वाक्य स्लॅबच्या दिवशी हमखास ऐकू येतं. त्यावर उत्तर पाण्याची बादली नव्हे, व्हायब्रेटर.

लोखंडाचं माप सुतात बोललं जातं. इंचाचे आठ सूत, म्हणून तीन सूत म्हणजे 10 एमएम, चार सूत 12, पाच सूत 16, आणि 8 एमएमला अडीच सूत. वजन हवं असेल तर एमएमचा वर्ग करून 162 ने भागा, मीटरमागचे किलो मिळतात. 12 एमएमची 12 मीटर सळई 10.67 किलो भरायला हवी. मानकात या जाडीला 5 टक्के फरक चालतो. एकच सळई तोलू नका, दहा-वीस एकदम काट्यावर चढवा आणि भागाकार करा.

लॅप, म्हणजे दोन सळया एकमेकींवर चढवलेली लांबी, मात्र सळई सळईला जोडतानाच बघावा लागतो, नंतर तो काँक्रीटमध्ये गडप होतो. मिस्त्री 'दीड फूट सोडलं' म्हणतो, मग सळई 12 ची असो की 16 ची. एम-20 काँक्रीट आणि एफई-500 प्रतीचं लोखंड असेल, तर ताण घेणाऱ्या सळईला जाडीच्या साधारण 57 पट लॅप लागतो. म्हणजे 12 एमएमला सव्वादोन फूट आणि 16 ला तीन फूट. सगळे लॅप एका रेषेत आले तर लांबी पुरेशी असूनही जागा कमजोर राहते. ड्रॉइंगवर लॅपची लांबी लिहिलेली असते, तीच टेपने बघा. कव्हरचंही, म्हणजे सळईबाहेरच्या काँक्रीटच्या थराचंही, तसंच : स्लॅबला 20 एमएम, कॉलमला 40, फुटिंगला 50, आणि तेही साच्यात ओतून केलेल्या ब्लॉकनेच. सळईखाली गिट्टीचा खडा सरकवला तर पहिल्या धक्क्यात तो निसटतो.

पायाबद्दल बोलायचं तर काळ्या मातीच्या वस्त्यांमध्ये 'खोदाई पाच फूट' हा करार अर्धवट आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून कडक मुरूम लागेपर्यंत खोदाई, आणि पाच फुटांखालचा जादा दर आधीच ठरवलेला, असं लिहा. खोदलेली काळी माती प्लिंथमध्ये (जोत्यात) परत टाकली की वाहतूक वाचते, आणि दोनेक पावसाळ्यांत फरशी मधूनच उचलते. भरण मुरमाचंच हवं. 6 ते 9 इंचांचा थर, पाणी, धुम्मसने ठोकणं, मगच पुढचा थर.

तराईला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवण्याला, इथला मे महिना माफ करत नाही. उन्हाळ्यात किमान 10 दिवस, आणि पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर 14. पण 45 अंशांच्या उन्हात स्लॅबच्या बारीक भेगा पहिल्या काही तासांतच पडतात, तराई सुरू होण्याआधी. दुपार टाळून संध्याकाळी माल टाका, साच्याच्या प्लेटा आधी ओल्या करा, आणि पृष्ठभाग झाला की प्लास्टिक अंथरा. सकाळी आळी (छोटे बांध) बांधून पाणी भरा. कॉलमला गोणपाट गुंडाळा. नुसता पाइप फिरवला तर कोपरे अर्ध्या तासात पांढरे पडतात.

छपाईच्या बिलात दारं-खिडक्या वजा करायच्या का, यावर शेवटी हुज्जत होतेच. मापाच्या भारतीय मानकाचा नियम साधा आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं उघडं वजा करायचं नाही. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूचं वजा करायचं, दुसऱ्या बाजूच्या बदल्यात कडांची छपाई फुकट. त्याहून मोठं असेल तर दोन्ही बाजू वजा आणि कडा वेगळ्या मोजायच्या.

आणि सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीटखालचा साचा, खोलणं. प्लेटा काढणं वेगळं, टेके काढणं वेगळं. सेंट्रिंगवाल्याला प्लेटा पुढच्या साइटवर हव्या असतात, म्हणून तो घाई करतो. साधं ओपीसी सिमेंट असेल तर स्लॅबच्या प्लेटा तीन दिवसांनी निघू शकतात, पण टेके लगेच परत लावायचे. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) ते 7 दिवस राहायला हवेत, त्याहून मोठ्याला 14. 6 मीटरपर्यंतच्या बीमखाली 14, त्यापुढे 21. पीपीसीला याहून जास्त, किती ते इंजिनिअरकडून लिहून घ्या. काढताना मधले टेके आधी, मग भिंतीकडचे. गॅलरी किंवा छज्जा असेल तर सुरुवात बाहेरच्या टोकाकडून.