'से'मधली एक ओळ

सोलापूरच्या न्यायालयात वकिली करून मला चौदा वर्षे झाली असून त्यांतली शेवटची तीन वर्षे मी 'सवयीचा गुन्हेगार' या कायदेशीर संकल्पनेवर पीएच.डी.चे काम करते आहे. सकाळी प्रबंध आणि अकरानंतर कोर्ट, असा शिरस्ता मी पाळला होता आणि एकाची सावली दुसऱ्यावर सहसा पडू देत नव्हते. २०२४ च्या डिसेंबरातल्या एका मंगळवारी मात्र दोन्ही कामे एकाच कागदावर समोर आली.

त्या सकाळी मी सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या निकालावरचे टिपण पुरे करीत होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग-नियमावल्यांमधील जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले आणि 'सवयीचा गुन्हेगार' हा शब्द राज्याच्या कायद्यात असलेल्या व्याख्येनुसारच वापरावा, असे बजावले. विमुक्त जमातींच्या, म्हणजे एकेकाळी कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या, माणसांना मनमानी अटक होऊ नये म्हणून अर्नेश कुमार या २०१४ च्या निकालातील मार्गदर्शक तत्त्वे (अटक का आवश्यक आहे, हे पोलिसांनी कारणांसह नोंदवावे, अशी) पोलिसांनी पाळावीत, असाही आदेश त्यात आहे. अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा उरलासुरला अंश या निकालाने पुसला गेला, असे वाक्य मी टिपणाच्या शेवटी घातले होते. वाक्य मला बरे वाटले होते, हेही कबूल केले पाहिजे.

दुपारी एका जामीन अर्जावर पोलिसांचे लेखी म्हणणे आले. कोर्टात त्याला सगळे 'से' म्हणतात. आरोपी बावीस वर्षांचा मुलगा, आरोप मोबाइल चोरीचा. मोबाइल आधीच जप्त झालेला, त्यामुळे तपासात फारसे काही शिल्लक नव्हते. 'से' दीड पानाचा होता आणि त्याचा बराचसा मजकूर ठाण्याच्या संगणकात कायमचा साठवलेला असावा, कारण एके ठिकाणी दुसऱ्याच आरोपीचे आडनाव तसेच राहून गेले होते. पाचव्या मुद्द्यात लिहिले होते : "आरोपी हा पारधी समाजाचा असून सराईत गुन्हेगार आहे, त्यास जामीन दिल्यास तो परागंदा होईल." त्याच कागदाच्या वरच्या भागात पूर्वइतिहासाच्या रकान्यात एकच गुन्हा नोंदलेला होता आणि त्यापुढे 'निर्दोष मुक्तता' असा शेरा होता. अटक का आवश्यक आहे हे नोंदवायच्या तक्त्यात एकाच निळ्या पेनाने सगळ्या चौकोनांत खुणा केलेल्या होत्या.

ती ओळ मी पहिल्यांदाच वाचत होते, असे नाही. फरक इतकाच की त्या दिवशी सकाळचे टिपण डोक्यात ताजे होते. मी युक्तिवादाला उभी राहिले आणि मुंबई सवयीचे गुन्हेगार अधिनियम, १९५९ मधील व्याख्या वाचून दाखवली : सलग पाच वर्षांच्या काळात, वेगवेगळ्या प्रसंगी केलेल्या गुन्ह्यांसाठी किमान तीन वेळा दोषी ठरून तुरुंगवासाची शिक्षा झालेली असली पाहिजे. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तपासी अंमलदाराला शिक्षा किती झाल्या, असे विचारले. "शिक्षा नाही साहेब, पण रेकॉर्डवरचा आहे," असे उत्तर आले. कुठल्या रेकॉर्डवर, हे पुढे कोणी विचारले नाही. सरकारी वकिलांनी मला हळूच सांगितले, "मॅडम, ते रुटीन असतं हो." ते खरेच बोलत होते आणि माझ्या दृष्टीने अडचण नेमकी तीच होती.

मुलाची आजी बाहेरच्या बाकावर बसली होती. तिचे घर सेटलमेंटमध्ये आहे. सोलापूरकर हे नाव पत्ता सांगताना सहज घेतात; पण तारेच्या कुंपणात गुन्हेगार जमातींची कुटुंबे ठेवून, रोज हजेरी घेऊन, त्यांना गिरण्यांत कामाला लावण्याची ही जागा होती, हे नव्या पिढीतल्या फारच थोड्यांना ठाऊक आहे. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, तेव्हा आजी आठ-नऊ वर्षांची असावी. मी तिला 'से'मधली ओळ वाचून दाखवली. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तार काढली तवा मी हुते तिथं. आज्जा म्हनला, आता हजेरी न्हाई. मग ह्यो पोरगं कुठल्या हजेरीत घातलं वो, वकीलबाई?"

संध्याकाळी साडेचारला पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, या अटींवर जामीन मंजूर झाला. जामीनदार म्हणून मुलाचा मामा घरपट्टीची पावती आणि रेशनकार्ड घेऊन तयारच होता. आदेश अर्ध्या पानाचा होता : तपास संपल्यासारखा आहे, मुद्देमाल जप्त आहे, सबब अर्ज मंजूर. पाचव्या मुद्द्याबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. अशिलाचे काम झाले होते, त्यामुळे वकील म्हणून मला तक्रारीला जागा नव्हती.

घरी आल्यावर मी कपाटातल्या जुन्या फायली काढल्या आणि विमुक्त जमातींतल्या अशिलांचे जामीन अर्ज वेगळे केले. असे एकोणीस अर्ज निघाले. त्यांपैकी अकरांच्या 'से'मध्ये तीच ओळ होती, थोड्याफार फरकाने. कुठे 'सराईत', कुठे 'गुन्हेगारी प्रवृत्तीचा'. अकरांपैकी एकाही ठिकाणी मी तिला हरकत घेतली नव्हती. जामीन मिळण्याशी मतलब, असे मी त्या वेळी म्हटले असणार. आमचे फौजदारी कायद्याचे संशोधन जवळजवळ सगळे छापील निकालांवर उभे असते. मॅजिस्ट्रेट कोर्टाचे जामीन आदेश कुठल्याही निकालपत्रिकेत येत नाहीत आणि 'से' तर कुठेच येत नाही; तो फाइलमध्ये जातो, फाइल रेकॉर्ड रूममध्ये जाते आणि मुदत संपली की नष्ट होते. त्यामुळे रद्द झालेला कायदा ज्या कागदावर अजून रोज टाइप होतो, तो कागद अभ्यासकाच्या हाती पडतच नाही.

रात्री मार्गदर्शक सरांना फोन करून मी टिपणाचे शेवटचे वाक्य काढते आहे, असे सांगितले आणि कारणही सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "ठीक आहे, पण तळटीप कशाची देणार?"

दुसऱ्या दिवशी मुलगा सुटला, तेव्हा मी आजीची परवानगी विचारली. "नाव घालू नगा, बाकी लिवा," ती म्हणाली. मग मी नक्कल विभागात जाऊन त्या 'से'च्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज दिला. कारकुनाने अर्ज वाचून मान वर केली आणि विचारले, "जामीन तर झालाय ना मॅडम, मग 'से'ची नक्कल कशाला?"