निदान

गुरुवार, रात्री साडेअकरा

माझ्या वहीतलं एक पान कुणीतरी फाडलंय. मंगळवारचं. नीट कापलेलंही नाही. शिवणीपाशी दातेरी कड राहिलीये आणि त्या कडेला माझं एक ‘नि’ अडकलंय.

एवढ्यावरून रडू यावं? आलं. आईला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून रडले. गेले पाच आठवडे या घरात माझं म्हणून जे काही उरलंय, ती ही वही. झोप माझी नाही, रविवार माझे नाहीत. फोन उचलला की पलीकडून ‘आई कशी आहे?’ तू कशी आहेस, हे कुणी विचारत नाही. (एकीने विचारलं होतं. तिला ‘बरी आहे’ म्हणून मीच वाटेला लावलं. जाऊ दे.)

वहीत रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. वाईट दिवसांत कृतज्ञ राहायचा सराव. फाटलेल्या पानावर काय होतं ते आठवेना, म्हणून आधीची पानं चाळली, आणि जे दिसलं ते जास्तच लागलं. जवळजवळ प्रत्येक ओळ ‘निदान’ने सुरू होते. निदान आज ताप नव्हता. निदान उलटी झाली नाही. निदान लवकर कळलं.

हे शेवटचं तर माझं वाक्यही नाही, मावशीचं आहे. तिने ते म्हटलं तेव्हा फोन आपटावासा वाटला होता. डॉक्टरांचं निदान एकच. त्यावर नातेवाइकांची निदानं शंभर. आणि आता माझ्याच अक्षरात तेच. ही कृतज्ञता, की स्वतःला गप्प बसवणं? कृतज्ञ म्हणजे केलेलं जाणणारा. माझ्या ओळींत कुणी काही केलेलंच नाही. नुसतं वाईट टळलंय. टळल्याबद्दल आभार कुणाचे मानायचे?

बरं, हा व्यायामही मी अर्धाच करतेय. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना आठवडाभर रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या, आणि प्रत्येकीपुढे ती का घडली तेही. सहा महिन्यांनंतरही त्यांना बरं वाटत होतं. ‘का’ मी कधीच लिहिलं नाही. रात्री तेवढं त्राण कुणाला असतं!

आजची ओळ मनात तयार होती: निदान काल आई सलग चार तास झोपली. म्हटलं, चला, विचारू या. का? गोळ्या त्याच. दुखणं तेच. मग आठवलं, काल दार वाजलं नाही. तिच्या खोलीचं दार वाऱ्याने चौकटीवर आपटतं, ती दचकून उठते आणि मग पहाटेपर्यंत छताकडे बघत पडते.

अनवाणी गेले बघायला. अंधारात दाराखाली बोटांनी चाचपलं. कागदाची घडी, सात-आठ पदरी, ठोकून बसवल्यासारखी घट्ट. मोबाइलचा उजेड टाकला. बाहेर आलेल्या कोपऱ्यावर माझी निळी शाई. ‘दान’ एवढंच वाचता येत होतं.

दादा. दुसरं कोण? घरात जसा काही कागदाचा दुष्काळच पडला होता. वाचलं असेल का त्याने? मंगळवारी त्याच्याबद्दलही एक वाक्य होतं. ते ‘निदान’वालं नव्हतं. आज सकाळी माझ्याशी जरा जपूनच बोलत होता, की मलाच आता तसं वाटतंय...

घडी तिथेच ठेवली.

१. दार वाजलं नाही. का? दादाने कागद खोचला म्हणून.

दुसरी सुचत नाहीये, आणि झोप येतेय.

निदान शेवटचं कोरं पान तरी फाडायचंस, दाद्या.