सहा आठवडे प्लास्टर आणि एक न सापडणारं अंगुस्तान

चित्रात लपलेल्या वस्तू शोधायचा लॅपटॉपवरचा खेळ, आणि यादीत तिसराच शब्द होता ‘बो’. मी वीस मिनिटं धनुष्य शोधत होतो. भिंतीवर टांगलेलं असेल, कपाटावर आडवं टाकलेलं असेल, पडद्याच्या घडीत उभं केलेलं असेल. एक वाकडी काठी दिसली, तिच्यावर दहा वेळा क्लिक केलं. शेवटी वैतागून हिंटचं बटण दाबलं, तर खुर्चीवर बसवलेल्या अस्वलाच्या गळ्यातली रिबिनीची गाठ चमकायला लागली. म्हणे तो ‘बो’.

लॅपटॉप मिटला आणि ठरवलं, असले खेळ परत खेळायचे नाहीत. अर्ध्या तासाने परत उघडला. पाय प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाचा निश्चय तो केवढा!

आमचं कराडला हार्डवेअरचं दुकान आहे. गोदामातल्या शिडीवरून उतरताना मला वाटलं ही शेवटची पायरी, ती निघाली शेवटून दुसरी. घोट्याचं हाड मोडलं, सहा आठवडे घरी. सत्तरी ओलांडलेले बाबा परत गल्ल्यावर बसायला लागले आणि मी पलंगावर. पुण्याहून भाचा भेटायला आला, तो म्हणाला, “मामा, तुम्ही दिवसभर दुकानात वस्तूच शोधता ना? मग हे खेळा.”

हिडन ऑब्जेक्ट म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पडद्यावर सामानाने खच्चून भरलेलं एक चित्र असतं. अडगळीची खोली, जुनं दुकान, जहाजाचा तळमजला असं काहीतरी. खाली दहा-बारा वस्तूंची नावं. वस्तू दिसली की क्लिक करायचं, नाव खोडलं जातं. एवढंच. लहानपणी रविवारच्या पुरवणीत ‘चित्रात लपलेले प्राणी शोधा’ यायचं, त्याचंच हे वाढवलेलं रूप. भाच्याने इतिहासही सांगितला. सिएटलच्या बिग फिश कंपनीने २००५ मध्ये ‘मिस्ट्री केस फाइल्स: हंट्सव्हिल’ काढला आणि तिथून या खेळांची लाटच आली. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘रेव्हनहर्स्ट’मध्ये इंग्लंडमधला एक पछाडलेला वाडा आणि एका बाईची डायरी आली, म्हणजे शोधाशोधीला गोष्ट जोडली गेली. नंतर पोलंडच्या आर्टिफेक्स मुंडीसारख्या मंडळींनी त्यात आणखी कोडी घातली. आता तर यातले बरेच खेळ अर्धे शोधाचे आणि अर्धे कोड्यांचे असतात.

सुरुवात मी मोबाइलवरच्या एका फुकट खेळाने केली. नाव सांगत नाही, कारण पुढे सगळी तक्रारच आहे. पहिले दोन दिवस मजा आली. मग लक्षात आलं की तोच दिवाणखाना पंधरा-पंधरा वेळा शोधायला लावतात. चौथ्या फेरीला कुठली वस्तू कुठे ते पाठ होतं आणि उरतो तो फक्त बोटांचा वेग. बरं, तेही मनसोक्त करू देत नाहीत. प्रत्येक फेरीला ऊर्जा लागते, ती संपली की तासन्‌तास थांबा नाहीतर पैसे भरा. गिऱ्हाईक दारात उभं असताना शटर ओढून घेणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला. काढून टाकला तो खेळ.

मग भाच्याने लॅपटॉपवर विकत घ्यायचा एक खेळ टाकून दिला. आधी तासभर फुकट खेळून बघायचा, आवडला तर पैसे भरायचे. हा व्यवहार मला पटला. आमच्याकडेही रंगाची शेड आधी भिंतीवर लावून बघतातच. गोष्ट नेहमीचीच होती: ओसाड गाव, हरवलेली मुलगी, दर थोड्या वेळाने कुठूनतरी उडणारा कावळा. गोष्टीशी मला फारसं देणंघेणं नव्हतं. मला ती चित्रं आवडली.

पण यादी इंग्रजीत. आणि इंग्रजी म्हणजे आपण शाळेत शिकलो ते नव्हे, अमेरिकेतल्या आजीच्या माळ्यावरचं. ‘बॅट’ म्हटल्यावर मी क्रिकेटची बॅट शोधणार, तर ते वटवाघूळ. ‘टॉप’ म्हणजे भोवरा. ‘क्लब’ म्हणजे कधी सोटा, कधी पत्त्यातलं किलवर. ‘नेल’वर तर मी भांडायलाच उठलो. आमच्या दुकानात कोणी नुसता ‘खिळा द्या’ म्हणालं तर आम्ही विचारतो, केवढा? मोळा पाहिजे, खिळा पाहिजे की चुका पाहिजेत? इथे नुसतं ‘नेल’, आणि उत्तर काय, तर टेबलाच्या कडेला पडलेलं एक नख. रंगवलेलं!

अर्थात काही शब्दांना मी राजा होतो. फनेल म्हणजे नरसाळं, मॅलेट म्हणजे मोगरी, अॅन्व्हिल म्हणजे ऐरण. ही नावं वाचायच्या आत वस्तू सापडायच्या. कानस एकदा चित्राच्या चौकटीचा भाग म्हणून उभी करून ठेवली होती. नुसत्या दातऱ्यांवरून ओळखली मी ती. पलंगावर एकटाच टाळ्या वाजवत होतो.

टाळ्या ऐकून आई आत आली. मांडीवर सूप घेऊन शेजारच्या खुर्चीत बसली आणि तांदूळ निवडायला लागली. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तेव्हापासून तिला आमच्यापेक्षा जास्त दिसतं. इंग्रजी येत नाही. मी शब्द वाचायचो, मराठीत सांगायचो आणि ती सुपातून मान वर करून म्हणायची, “ते बघ, घड्याळाच्या मागं.” परत मान खाली.

मी सगळं चित्र डावीकडून उजवीकडे, वरून खाली, मार्चअखेरला स्टॉक मोजतात तसं मोजत असे. तरी ती माझ्याआधी. एकदा विचारलं, कशी काय शोधतेस? म्हणाली, “मी कुठं शोधते? तांदळात काय खडा शोधायचा असतो का? जे तांदूळ नाही ते दिसतं.” आणि सुपात बोट फिरवून दाखवलं. काळा खडा लगेच उठून दिसतो, त्याची भीती नाही. पांढरा खडा दाताखालीच यायचा, म्हणून तांदूळ पातळ पसरायचे आणि बोटाने सरकवत न्यायचे. पांढऱ्या खड्याला चमक वेगळी असते, म्हणे. मी बघितलं, मला नाही दिसली.

भाच्याला फोनवर हे सांगितलं तर त्याने हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघायला सांगितलं. एका वेळी जवळजवळ तेवढ्याच भागात आपली नजर धारदार असते, बाकी सगळं अंदाजपंचे. अंदाजात वेगळ्या रंगाची वस्तू आपोआप टोचते, सारख्या रंगाची असेल तर अंगठा-अंगठा करत सगळं चित्र तुडवावं लागतं. म्हणजे आईचा काळा खडा आणि पांढरा खडा.

यानंतर मला खेळ बनवणाऱ्याची लबाडी कळायला लागली आणि खरी मजा तिथून सुरू झाली. चांगला चित्रकार वस्तू झाकत नाही, समोरच ठेवतो, फक्त तिला दुसऱ्या कशाचं तरी काम देतो. साप दोरीसारखा खुंटीला गुंडाळलेला. केळं चंद्रकोरीच्या जागी. एका खोलीत करवत सापडेना. मी लहान करवत शोधतोय आणि ती होती अख्ख्या भिंतीएवढी, वॉलपेपरच्या रंगात, दाते खाली करून. आई आणि मी दोघंही तिला झालर समजत होतो. सापडली तेव्हा आईने सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावून हसली. असं फसवलं जाणं मला चालतं. वस्तू दिसल्यावर स्वतःच्या कपाळावर हात मारावासा वाटला पाहिजे.

आणि कधी कधी हात बनवणाऱ्याच्या कपाळावर मारावासा वाटतो. पक्ष्याचं पाव इंच पीस, तेही काळं, काळ्या गालिच्यावर. तीन चतुर्थांश भाग मडक्यामागे दडवलेली किल्ली, जिचा फक्त गोल दिसतो आणि तो गोल कशाचाही असू शकतो. पुसट करून भिंतीत विरघळवलेली पतंगाची शेपटी. यात नजरेची परीक्षा कसली? हे म्हणजे वजनात मारणं. मग माणूस जिथे तिथे क्लिक करत सुटतो, तर त्यावरही यांचा उपाय आहे. चार-पाच चुकीची क्लिक झाली की बाण गरगर फिरतो आणि काही सेकंद काहीच करू देत नाही. जुन्या खेळांत वर घड्याळही चालायचं. या खेळात घड्याळ नव्हतं म्हणून मी टिकलो. दुखऱ्या पायाला आणखी घाई नको होती.

हिंटबद्दल आमच्यात करार झाला होता. दोघांनीही हात टेकले तरच दाबायची. हिंट भरायला साधारण मिनिटभर लागायचं आणि त्या मिनिटात बऱ्याचदा वस्तू सापडायची. मला वाटतं खेळातली सगळ्यात हुशारीची गोष्ट तीच आहे.

सगळ्यात हास्यास्पद प्रकार अवजारांचा. शोधलेल्या काही वस्तू तुमच्या पिशवीत जातात आणि पुढे वापरायच्या असतात. एका दाराची फळी उखडायला पहार मिळाली. उखडली. लगेच सूचना: पहार मोडली. एका फळीला! माझ्या दुकानातून नेलेली पहार एका फळीत मोडली तर गिऱ्हाईक तिचे दोन्ही तुकडे काउंटरवर आपटेल. पुढे पिशवीत कुऱ्हाड असताना दोरी कापायला कात्री शोधत चार खोल्या मागे जावं लागलं. मी कुऱ्हाड दोरीवर नेऊन नेऊन दाखवतोय आणि खेळ सांगतोय, याने जमणार नाही. मधूनमधून गोल चकत्या फिरवायची, नळ जोडायची कोडी येतात. नळांची आवडली, का ते सांगायला नको. चकत्यांची ‘वगळा’ बटण दाबून सोडून दिली. त्याची मला काडीचीही लाज वाटत नाही.

याच काळात रोज दुकानातून बाबांचा फोन यायचा. “अरे, अर्ध्या इंचाचे एल्बो कुठं ठेवलेस?” मी डोळे मिटून सांगायचो, तिसरी मांडणी, खालून दुसरा खण, टी-च्या पेटीमागे. “नाही इथं.” “पेटी उचला, बाबा.” थोडा वेळ शांतता. “हां, आहेत.” एकदा तर ते म्हणाले, “माणसाला सापडेल असं ठेवत जा.” तेव्हा मला त्या किल्लीवाल्या चित्रकाराची थोडी दया आली. ज्याने ठेवलं त्याला सगळं उघडंच दिसत असतं.

पाचव्या आठवड्यात कंटाळा आला, म्हणून भाच्याने मोबाइलवर ‘हिडन फोक्स’ टाकून दिला, २०१७ चा. काळ्या रेघांनी हाताने काढलेली चित्रं, रंग नाहीत, घड्याळ नाही. तंबूवर बोट ठेवलं की तंबू उघडतो, झुडपं हलवता येतात आणि सगळे आवाज माणसांनी तोंडाने काढलेले. माझी पाच वर्षांची मुलगी तासभर नुसते आवाज ऐकत बसली, शोधलं काहीच नाही. तिच्या मते तो खेळ जिंकून झाला.

आम्ही मात्र आमच्या ओसाड गावाशी इमान राखलं. प्लास्टर काढायच्या आदल्या रात्री शेवटची खोली आली. शिवणकामाची खोली. अकरा वस्तू पटापट निघाल्या. राहिली ‘थिंबल’. हा शब्द मला येत नव्हता. मोबाइलवर बघितला तर शिंप्याचं अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून बोटावर घालायची टोपी. आईला सांगितल्यावर तिचे डोळे चमकले. मशीनच्या खणात तिचं पितळी अंगुस्तान अजून आहे. मशीनवर शोधलं, सुयांच्या गादीवर शोधलं, बटणांच्या डबीत एकेक बटण बघितलं. साडेअकरा वाजले. मी म्हणालो, हिंट दाबू. आई म्हणाली, “मी हात टेकलेले नाहीत.” मी झोपलो. लॅपटॉप तसाच चालू ठेवला, पडदा बंद होऊ नये असं भाच्याने आधीच करून दिलं होतं.

सकाळी उठून बघतो तर पडद्यावर एक मरून टिकली चिकटवलेली. न्हाणीघरातल्या आरशावर बायकोच्या चार-पाच टिकल्या कायम असतात, त्यातली. आईला माउस चालवता येत नाही. टिकली होती खिडकीतल्या चिनीमातीच्या बाहुलीच्या बरोबर डोक्यावर. मी बाण नेऊन टिकलीवर क्लिक केलं. बाहुलीची टोपी उडाली आणि यादीतलं शेवटचं नाव खोडलं गेलं.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “पोरी बाहुलीला टोपी करायला तेच घेतात. तुझ्या ताईनं माझं दोनदा हरवलंय.” हॉस्पिटलला जायची रिक्षा खाली येऊन उभी होती.