शशानच्या माउलीच्या पायी

मे महिना म्हणजे मरियेचा महिना. वसईत आमच्या आळीत रोज संध्याकाळी क्रुसाजवळ जपमाळ व्हायची. नोकरीसाठी शांघायला आले तेव्हा पहिल्या मे महिन्यात ती उणीव फार जाणवली. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, ओळख झालेल्या एका आजींनी विचारलं, "शशानला येतेस, पोरी?" शशान म्हणजे शांघायच्या कडेची टेकडी, माथ्यावर मरिया माउलीचं मंदिर. माझ्या मोडक्यातोडक्या चिनीत मी लगेच हो म्हटलं.

आदल्या संध्याकाळी शांघायच्याच शूज्याह्वेई भागात शू ग्वांगछी यांच्या समाधीपाशी जाऊन आले. मिंग काळातले हे विद्वान. १६०३ साली बाप्तिस्मा घेऊन पावलू झाले. जेझुइट संघाचे इटालियन धर्मगुरू मात्तेओ रिची यांच्यासोबत युक्लिडची भूमिती त्यांनीच चिनीत आणली. चीनला येण्याआधी रिची गोव्यात शिकले होते, हे आठवलं आणि जीव थोडा निवला. याच परिसरात पुढे जेझुइटांनी ग्रंथालय, वेधशाळा आणि तूशानवानचा अनाथाश्रम उभारला. तिथली पोरं लाकूडकाम, चित्रकला, छपाई शिकून पोटापाण्याला लागायची.

सकाळी मेट्रोतून उतरून आम्ही टेकडीच्या दिशेने चालू लागलो. आजींच्या माळेचे लाकडी मणी झिजून गुळगुळीत झालेले. "वान्फू मालीया...", म्हणजे आपलं "नमो मरिये", त्या हेल काढून गात होत्या, मागच्या बायका पुढची ओळ उचलत होत्या. आमच्याकडची जपमाळ एवढी गाती नसते. ऐकता ऐकता माझी पावलं त्या लयीत पडू लागली.

आजी कोळ्यांच्या घरातल्या, होडीतच वाढलेल्या. पूर्वी मे महिन्यात अशी कुटुंबं कालव्यांतून होड्या आणून टेकडीखाली लावायची. माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीत चर्चं बंद झाली, तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. पुस्तक जवळ ठेवणं धोक्याचं, म्हणून आईने रात्री होडीत कानाशी पुटपुटत सगळ्या प्रार्थना पाठ करून घेतल्या. "फादर नव्हते, मिस्सा नव्हती. तोंडात होतं तेवढंच राहिलं," त्या म्हणाल्या. मला बोलायला काही सुचेना. मी त्यांचा हात धरला.

टेकडी जेमतेम शंभर मीटर उंच. पण क्रुसाची वाट नागमोडी, दोन्ही बाजूंनी बांबू, आणि येशूच्या दुःखसहनाच्या प्रत्येक स्थानापाशी आजी गुडघे टेकायच्याच. १८७० साली उत्तरेकडच्या तिएनत्सिन शहरात ख्रिस्ती लोकांची कत्तल झाली. शांघाय वाचावं म्हणून जेझुइटांनी इथे माउलीला नवस बोलला, आणि नवसाचं चर्च १८७३ मध्ये पुरं झालं. आजचं लाल विटांचं मंदिर १९३५ चं. मनोऱ्यावर माउलीने बाळ येशूला डोक्यावर उंच धरलंय आणि बाळाने हात पसरलेत, खालून अगदी क्रूसच दिसतो. जुनी मूर्ती क्रांतीच्या काळात फोडली, ही नंतर बसवलेली. आजी खालूनच तिच्याकडे किती तरी वेळ बघत राहिल्या.

मिस्सा झाली. उतरताना भुरभुर पाऊस लागला. आजींनी छत्री माझ्या हातात दिली, माळ काढली आणि मला म्हणाल्या, तुझ्या भाषेत म्हण. पायथ्यापर्यंत नमो मरियेचा पहिला भाग मी मराठीत म्हणत गेले, पुढचा त्या चिनीत.