गंजाचा पिवळा

खिडकीच्या गजावरचा गंज आपण खरवडून फेकतो आणि तोच कारखान्यात पिवळ्या रंगाची पावडर, म्हणजे लोखंडाचं पिवळं ऑक्साइड, म्हणून निगुतीने पिकवला जातो. फेरस सल्फेट या लोखंडाच्या क्षाराच्या द्रावणात आधी बारीक बीजकण तयार करायचे, मग त्यात भंगार लोखंड टाकून साधारण ७५ ते ९० अंशांवर हवा सोडत राहायची. बीजावर थर चढतो. कण लहान असताना काढले तर फिकट, हिरवट झाक. वाढू दिले तर गडद, तांबूस पिवळा. हळदीचा झगमगाट मात्र त्याच्यात कधीच येत नाही.

तरी उन्हात आणि चुन्यात तो टिकतो, आणि हे भल्याभल्या चकचकीत पिवळ्यांना जमत नाही. म्हणून तर तो सिमेंटात चालतो. प्रमाण सिमेंटच्या वजनावर धरायचं: ५० किलोला ५ टक्के, म्हणजे अडीच किलो. त्यापुढे रंग फारसा चढत नाही, पाण्याची मागणी तेवढी वाढते. कारण याचे कण सुईसारखे लांबट. ते लोखंडाच्याच लाल ऑक्साइडपेक्षा जास्त पाणी, जास्त तेल पितात. मिश्रण घट्ट वाटलं की गडी हमखास पाणी ओततो. ते पाणी उडून गेल्यावर बारीक छिद्रं उरतात आणि लादी फिकी दिसते. दोष रंगाला! प्रत्येक घाण्याला पाणी मोजून घातलं, तरच शेजारच्या दोन लाद्या जुळतात. रंग सिमेंटात आधी कोरडाच कालवावा. करड्या सिमेंटात तो मळकट होतो; स्वच्छ पिवळा हवा तर पांढरं सिमेंटच घ्यावं. वर पांढुरकी पूड आली, तर तो सिमेंटातून निघालेला चुना असतो, उडालेला रंग नव्हे.

तेलरंगात तो जास्त वेळ घोटू नये; सुया मोडतात, छटा सरकते. अतिबारीक, पारदर्शक प्रत लाकडाच्या वॉर्निशात घालतात. ती अतिनील किरण अडवते.

त्याचं खरं वैर उष्णतेशी. चिमूटभर पावडर लोखंडी पळीत घेऊन तापवा: १८० अंशांच्या पुढे कडा तांबूस होतात, मग सगळी विटकरी. स्फटिकात बांधलेलं पाणी निघून जातं. दहा ग्रॅमचे नऊच उरतात आणि निवल्यावर पिवळा परत येत नाही. भट्टीत पक्क्या होणाऱ्या पावडर कोटिंगला किंवा प्लास्टिकला साधी प्रत चालत नाही. कणांवर संरक्षक थर दिलेली किंवा झिंक फेराइटची, म्हणजे जस्त आणि लोखंडाच्या ऑक्साइडची, लागते. पळीतली पावडर काळवंडून धुरकटली, तर तीत सेंद्रिय रंगाची भेसळ असण्याचा दाट संशय घ्यावा.